क्येयुने मास्तरांची टाकी

उंचावर ठेवलेल्या वस्तूशी माणसानं जरा जपून वागावं, एवढंच क्येयुने मास्तरांचं म्हणणं होतं. यात न पटण्यासारखं काय आहे? पण मुटुंडवेच्या टेकडीवर त्या शनिवारी पांढरे पायघोळ कांझू घालून जमलेल्या थोरामोठ्यांपैकी एकालाही ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही. उलट बाजारात कुणीही भेटलं की, "काय मास्तर, तुमच्या टाकीनं काय हो हे केलं!" म्हणून दात काढतं. तुमच्या टाकीनं! जसं काही टाकीला मास्तरांनीच वळण लावलं होतं.

मास्तर कंपालातल्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. दर वर्षी ऊर्जेच्या धड्याला ते छताला दोरीनं वाळूचा डबा टांगत, तो स्वतःच्या नाकापर्यंत ओढून सोडून देत आणि जागचे न हलता उभे राहत. डबा लांब जाई, परत येई आणि नाकाच्या अलीकडे थांबे. "बघितलंत? वर नेताना जे कष्ट केले ते वस्तूत साठतात. ती स्थितिज ऊर्जा. सोडलं की तेच कष्ट पळत सुटतात. ती गतिज ऊर्जा. जितके साठले तितकेच परत मिळतात, रतीभरही जास्त नाही." वर्गात अगदी चिडीचूप शांतता असे. मास्तरांना वाटे, पोरं विज्ञानात बुडाली आहेत. पोरं वाट बघत असत ती डबा नाकावर बसण्याची. तो कधीच बसला नाही, म्हणून सगळ्या शाळेत हा धडा निरस समजला जाई.

तर अशा या मास्तरांचं चाळिशीच्या उंबरठ्यावर लग्न ठरलं. मुलगी फ्लाविया नाबुकेन्या, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. शहाणी, हसरी, आणि मास्तरांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी. हा शेवटचा गुण जगात किती दुर्मीळ आहे हे मास्तरांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या आत्यानं मास्तरांचं पत्र घरी पोचवलं, वडिलांनी, म्हणजे बुकेन्यासाहेबांनी, ते स्वीकारलं आणि क्वांजुलाचा शनिवार ठरला. त्या दिवशी मुलाकडच्यांनी भेटी घेऊन वाजतगाजत मुलीच्या घरी जायचं, रीतसर ओळख करून द्यायची, शेवटी मुलीच्या भावाच्या हाती कोंबडा दिला की सोयरीक पक्की.

राहता राहिल्या सासूबाई. जुळ्यांची आई म्हणून सगळी टेकडी त्यांना नालोंगो म्हणे. हल्लीच्या सासवा जावयाच्या शेजारी बसून फोटो काढतात. नालोंगो तसल्या नव्हत्या. जावयानं सासूला शिवायचं नाही, तिच्या अंगावरून जायचं नाही, शक्य तर दिसायचंही नाही. नाहीतर ओबुको लागतो आणि जन्मभर हात थरथरत राहतात, हे त्यांचं ठाम मत. एकदा बाजारात मास्तर समोरून येताना दिसले तर बाई फणसांच्या ढिगामागे जाऊन बसल्या आणि मास्तर वळेपर्यंत उठल्या नाहीत. मास्तरांचा अर्थातच असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात खिशात घातले होते.

फ्लाविया एकदा सहज बोलून गेली होती, की नळाचं पाणी टेकडीच्या पायथ्याशीच थांबतं आणि आई अजूनही पाण्याचे कॅन घेऊन चढ चढते. मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोक क्वांजुलाला सोफा नेतात, फ्रिज नेतात. आपण टाकी न्यायची! घरामागच्या खडकावर बसवायची, पावसाचं पाणी तिच्यात साठवायचं. स्वयंपाकघरात तोटी सोडली की पाणी आपल्या पायांनी चालत येईल. सासूबाईंशी जन्मात बोलायला मिळणार नाही, निदान त्यांच्या डोक्यावरचा कॅन तरी उतरेल. यात प्रेमही होतं आणि शास्त्रही. पण दोन्ही एकत्र आलेलं लोकांना बघवत नाही.

पहिली नाट लावली घरमालकीण हज्जातीनं. अंगणात उभी केलेली ती काळी, माणसाहून उंच टाकी बघून तिनं कपाळाला हात लावला. "मास्तर, हे काय घेऊन चाललात? सासुरवाडी जळतेय का?"

"हज्जाती, ही स्थितिज ऊर्जा आहे."

"असेल. पण रिकामी आहे ना? रिकामं भांडं घेऊन कुणी सोयऱ्यांच्या दारी जातं? टोपली नेली तरी भरून नेतात."

हे तिनं नुसतं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण ती मास्तरांच्या काकांकडे, तामाल्यांकडे जाऊन म्हणाली. तामाले हे मुलाकडचे वक्ते. क्वांजुलात नवऱ्या मुलानं तोंड उघडायचं नसतं. त्याच्या वतीनं वक्ता बोलतो. तामाल्यांनी आजवर इतकी लग्नं बोलून जुळवली होती की घरी पाणी मागतानाही ते दोन उपमा देत.

"भरायची," तामाले म्हणाले. "साखर, मीठ, तांदूळ, साबण. सगळ्या भेटी आत. झाकण उघडलं की लक्ष्मीच बाहेर पडली पाहिजे."

"काका, ती डोंगरावर न्यायची आहे. वस्तुमान वाढतंय."

"मानच वाढतोय बेटा," असं म्हणून काकांनी साखरेचं पहिलं पोतं स्वतःच्या हातानं आत ढकललं. मास्तरांनी टाकीखाली लावायला सुताराकडून एक पाचर मुद्दाम करून घेतली होती. जाड, तासलेली, खाली जुन्या टायरची पट्टी मारलेली. ती बघून तामाल्यांनी नाक मुरडलं. "क्वांजुलाला सरपण नेतात का रे?" आणि पिकअपमधून ती त्यांनी परस्पर उतरवली. हज्जातीनं तिच्यावर दुपारचा चहा केला, हे मास्तरांना फार उशिरा कळलं.

मधल्या आठवड्यात मास्तर परवानगीसाठी टेकडीच्या वस्तीसमितीच्या चेअरमनकडे जाऊन आले. चेअरमन काटेरेग्गा यांचं कार्यालय म्हणजे चढाच्या पायथ्याशी फणसाखाली उभी केलेली पत्र्याची टपरी. एका बाजूला शिक्का, दुसऱ्या बाजूला विकायला कोळसा. मास्तरांनी टाकीची गोष्ट सांगितल्यावर चेअरमननी चष्मा चढवला.

"ही वस्तू स्थावर की जंगम?"

"रस्त्यावर असेपर्यंत जंगम. खडकावर बसली की स्थावर."

"असं दोन दगडांवर पाय ठेवून चालत नाही मास्तर. स्थावर असेल तर बांधकामाचा परवाना. जंगम असेल तर वाहतुकीचा. आणि जंगम असेल तर कोणत्या दिशेनं?"

"वरच्या."

"नक्की?"

"अहो, घर वर आहे!" मास्तरांचा आवाज चढला. त्या चढलेल्या आवाजाबद्दल दुसऱ्या दिवशी यायला सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी चेअरमन कुणाच्या तरी मातीला गेले होते. तिसऱ्या दिवशी ते होते, पण शिक्का त्यांच्या बायकोच्या पिशवीत होता आणि बायको माहेरी होती. सरतेशेवटी शिक्का उठला : 'जंगम, वरच्या दिशेने.' वीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसानं दिशा ठरवण्यासाठी कोळशाच्या दुकानात तिष्ठत बसावं, ही गोष्ट मास्तरांच्या जिव्हारी लागली.

शनिवार उजाडला. कांझूवर कोट चढवलेले पुरुष, रंगीबेरंगी गोमेसी नेसलेल्या बायका, मागे पिकअप आणि पिकअपमध्ये आडवी बांधलेली टाकी, असं वऱ्हाड मुटुंडवेचा चढ चढू लागलं. निम्म्यावर गाडं अडलं. पाइप टाकायला म्हणून रस्त्याची एक कड लांबलचक खणून ठेवली होती. पाइपाचा पत्ता नव्हता, चर मात्र तयार. पिकअप पुढे जाईना. मग मास्तरांचे चार चुलतभाऊ पुढे झाले आणि टाकी लोळवत, रेटत, कांझूचे सोगे कमरेला खोचून चढू लागले. आत साखर, तांदूळ आणि साबण गडगडत होते. प्रत्येक पावलाला स्थितिज ऊर्जा वाढत होती. ती वाढताना त्या अख्ख्या मिरवणुकीत एकट्या मास्तरांना दिसत होती आणि त्यांना बोलायला बंदी होती.

बुकेन्यासाहेबांच्या फाटकाशी रिवाजाप्रमाणे वऱ्हाड अडवलं गेलं. मुलीकडचा वक्ता छत्री टेकून उभा राहिला. "कोण तुम्ही? वाट चुकलात की काय?" तामाले खुलले. दोघांची जुगलबंदी सुरू झाली. बायका हसायला लागल्या. आणि इकडे टाकी भर उतारावर, चार पोरांच्या हातांवर आणि पाचर म्हणून खाली दडपलेल्या मटोके केळ्यांच्या एका हिरव्यागार घडावर उभी! मास्तरांनी तामाल्यांचा कोट ओढला.

"काका, खाली दगड लावायला सांगा. मोठा."

तामाल्यांनी मान डोलावली आणि आवाज लावला, "आमचा मुलगा म्हणतो, या घराशी आमचं नातं दगडासारखं भक्कम असो!" टाळ्या पडल्या.

"काका, पाया पडतो. दगड!"

"म्हणतो, एकदा नाही, दोनदा म्हणतो!" पुन्हा टाळ्या. पलीकडचा वक्ता म्हणाला, मुलगा फारच हळवा दिसतो. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण कायद्यानं ते मुके होते.

एवढ्यात फाटक उघडलं आणि मुलीकडच्या बायका भेटी आत न्यायला नाचत बाहेर आल्या. सर्वांत पुढे फ्लावियाची थोरली आत्या, देहानं आणि मानानं भारदस्त. तिची नजर टाकीखाली गेली. "अगं बाई! मटोके मातीत? सोयऱ्यांनी आणलेलं अन्न मातीत?" अन्न मातीत बघून गप्प बसणारी बाई बुगांडात अजून जन्माला यायची आहे. ती घडाला हात घालायला वाकली आणि वाकता वाकता तिनं चौघा पोरांना रीतीप्रमाणे विचारलं, "कसे आहात रे बाळांनो?"

पोरं संस्कारी. नवऱ्या मुलीची आत्या विचारपूस करते आणि आपण टाकीला टेकून उभे? चौघांनी हात सोडले, चौघं गुडघ्यांवर बसले, चौघांनी हात जोडले. "बरे आहोत आत्या. तुम्ही?" "बरी आहे. घरचे?" "बरे आहेत. तुमच्या घरचे?" "बरे. शेताकडे?" "बरं आहे." आमच्याकडची विचारपूस मधेच तोडता येत नाही. आत्यानं बरं आहे, बरं आहे म्हणत घड उचलून कडेवर घेतला.

टाकी आधी नुसती सुस्कारल्यासारखी हलली. मग एक वळसा. मग दुसरा. मग वाढवलेला सगळा मान घेऊन ती उताराला लागली.

मास्तरांच्या डोळ्यांपुढं फळ्यावरचं समीकरण उभं राहिलं आणि समीकरणाच्या पलीकडे, खाली रस्त्यावर, एक जांभळी गोमेसी दिसली. नालोंगो! जावई फाटकातून आत जाईपर्यंत आपण त्याच्या दृष्टीला पडायला नको म्हणून बाई सकाळपासून खालच्या शेजारणीकडे बसल्या होत्या. वरच्या टाळ्या ऐकून त्यांना वाटलं वऱ्हाड आत गेलं. तरी खबरदारी म्हणून डोक्यावरून ओढणी घेऊन, तोंड झाकून, जमिनीकडे बघत त्या चढ चढत होत्या. टाकी त्यांच्या वाटेवर होती.

मास्तर धावले. कांझू दोन्ही हातांनी वर धरून, कोटाची बटणं तोडत, चाळीस वर्षांच्या गुडघ्यांनी धावले. रस्ता वळणाचा, टाकीला तो नागमोडी पार करावा लागला आणि मास्तर मधूनच सरळ उतरले, म्हणून त्यांना बरोबरी साधता आली. ओरडावं तर सासूला हाक मारायची कशी, हा विचार त्यांच्या मनात खरोखर आला, आणि याचा त्यांना आजही राग येतो. मग त्यांनी विचार सोडला, नालोंगोंच्या डाव्या खांद्यावर अंग झोकलं आणि दोघं त्या बिनपाइपाच्या चरात जाऊन पडले. टाकी रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं धडधडत गेली आणि पायथ्याशी चेअरमनच्या टपरीत शिरली. आवाज असा झाला की पोपट उडाले. साखर, मीठ आणि कोळसा यांचं एक करडं मिश्रण फणसाखाली पसरलं.

लोक धावत आले. मास्तरांना वाटलं, आता कुणीतरी विचारेल, लागलं का? जिवंत आहात का? पण चराच्या काठावर जमलेल्या चेहऱ्यांवर भीती होती ती वेगळीच.

"शिवला," कुणीतरी पुटपुटलं. "जावई सासूला शिवला."

नालोंगो चिखलातून उठल्या, ओढणी सारखी केली आणि मागच्या वाटेनं घरात निघून गेल्या. मास्तरांनी मात्र चिखलानं माखलेल्या कांझूत अंगणातल्या तंबूखाली बसायचं होतं. चेअरमन काटेरेग्गा हातात कागद नाचवत आले. "परवाना वरच्या दिशेचा होता! खालच्या दिशेनं टाकी आणलीच कशी?"

"चेअरमनसाहेब, बाईंचा जीव वाचला!"

"ते वेगळं खातं," चेअरमन म्हणाले.

थोरांची बैठक बसली. बुकेन्यासाहेबांचे चुलते, हातात काठी, शब्दाला वजन. त्यांनी सरळच सांगितलं : ओबुको घडला. असल्या घरात मुलगी देता येत नाही. जावयाचे हात थरथरतील, नाहीतर सासूचे. तामाल्यांनी जिवाचं रान केलं. कोंबडा अजून दिलाच नव्हता, म्हणून मुलगा अजून परकाच, आणि परक्यानं धरलं तर दोष कसला? चुलते म्हणाले, पत्र स्वीकारलं त्याच दिवशी तो जावई झाला. तामाल्यांच्या उपमा संपल्या. पडद्याआड फ्लाविया होती. बोलावल्याशिवाय तिला बाहेर यायचं नव्हतं. पण तिनं नाक ओढल्याचा आवाज मास्तरांना ओळखू आला. एवढ्या मोठ्या शहरात आपलं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं एकच माणूस भेटलं होतं. ते आता जाणार, आणि का जाणार, तर टाकीखाली दगड लावला नाही म्हणून! त्यांना ओरडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात मटोकेवाली आत्या घरातून बाहेर आली. "नालोंगोचा निरोप आहे. ती म्हणते, मला कुठल्याही माणसानं हात लावलेला नाही. मला टाकीनं ढकललं."

सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं. बुकेन्यासाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण चुलत्यांनी काठी आपटली.

"टाकी पलीकडच्या कडेनं गेली. बाई अलीकडच्या चरात पडली. मुलगा शास्त्र शिकवतो म्हणता ना? त्यालाच विचारतो. बोल रे बाबा. तुला बोलायची मुभा आहे. अंगाला न लागता टाकी माणसाला पाडते का?"

मास्तर उभे राहिले. दिवसभर ज्या घडीची वाट पाहिली ती आली होती. समोर दुसऱ्या रांगेत त्यांचे मुख्याध्यापक बसले होते. शेजारी गणिताच्या बाई. गेल्या वर्षी मास्तरांनी नापास केलेला एक विद्यार्थी मागं ढोल धरून उभा होता, तोही कान टवकारून ऐकत होता. वीस वर्षं ज्या माणसानं रतीभर जास्तीची ऊर्जा कुणाला मान्य करू दिली नाही, त्याला आता सांगायचं होतं. खरं सांगावं तर फ्लाविया गेली.

"पाडते," मास्तर म्हणाले.

"कशी?"

"ऊर्जेनं."

"कसल्या ऊर्जेनं?"

"आहे एक. बाजूनं जाणारी."

मुख्याध्यापकांना ठसका लागला. चुलते डोळे बारीक करून बघत राहिले. "पुस्तकात आहे?"

"शेवटच्या धड्यात," मास्तर म्हणाले. "शाळेत तिथपर्यंत पोचायला वेळच मिळत नाही."

चुलत्यांनी बराच वेळ विचार केला. मग काठी खाली ठेवली. पुस्तकातच असेल तर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. बायकांनी जीभ लोळवत आनंदाचा किलकारा केला, कोंबडा भावाच्या हाती गेला, फ्लाविया पडद्याबाहेर आली आणि चिखलानं माखलेल्या नवऱ्या मुलाकडे बघून आधी रडली आणि मग हसली. मुख्याध्यापक जाता जाता एवढंच म्हणाले, की सोमवारी तो शेवटचा धडा जरा मलाही दाखवा.

जेवणाची पंगत बसली. मास्तर अपमान आणि मटोके दोन्ही गिळत होते. आपल्या तोंडून, सर्वांदेखत, असलं वाक्य! पोटात राग नुसता धुमसत होता. एवढ्यात आत्या वाढायला म्हणून वाकली आणि त्यांच्या कानाशी लागली.

"नालोंगोचा निरोप आहे. तुला नाही रे, टाकीला."

"टाकीला?"

"म्हणाली, टाकीला सांगा, माझा डावा खांदा मुळातच दुखरा आहे. पुढच्या वेळी उजवीकडून ढकल."

मास्तरांचा घास हातातच राहिला. सकाळपासून कुणी लागलं का म्हणून विचारलं नव्हतं, आणि ज्या बाईंशी जन्मात बोलायचं नव्हतं त्याच तेवढ्या त्यांच्याशी बोलल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी आत्याकडे बघितलं आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "त्यांना सांगा, टाकी म्हणते, फार लागलं का हो?"

भिंतीपलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि मग एक दाबलेलं, खोलवरचं हसू. आत्या आत जाऊन आली.

"म्हणाली, टाकीनं आधी पोटभर जेवावं."